नाशिकच्या संग्रहालयातले तीन कांदे

तासगावात मला सगळे पेंटर म्हणतात, पण चित्र म्हणावं असं मी आयुष्यात काढलं नव्हतं. मी अक्षरं काढली. किराणा, कापड, दवाखाना, दूध डेअरी. 'येथे पत्रके लावू नयेत' हे तर इतक्या भिंतींवर लिहिलंय की झोपेतसुद्धा हात तसा फिरेल. फार तर सलूनच्या बोर्डावर भांग पाडलेला एखादा गडी आणि रसवंतीवर ऊस. पुढं फ्लेक्स आलं आणि माझे ब्रश रॉकेलच्या डब्यात उभ्या उभ्या वाळून गेले.

यंदा दिवाळीनंतर दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. पट्टी सुटल्यावर घरी आलो आणि बायकोला विचारलं, "भिंतीला रंग कधी दिला गं?"

"दिलाय कुठं? तीच भिंत हाय ती."

पांढरं इतकं पांढरं असतं हे मी विसरूनच गेलो होतो. आणि निळा! इतकी वर्षं मी दुनिया चहाच्या गाळणीतून बघत होतो म्हणायची. आता दुधाच्या पिशवीवरचं निळं दिसलं तरी मी थांबायचो. बायको चार दिवसांत वैतागली. म्हणाली, "नाशिकला जाऊन या. तिकडं काय निळं दिसतंय ते बघा. सुमनताईंना पण तेवढीच मदत होईल."

सुमन माझी धाकटी बहीण. नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादला दिलेली. माळ्याचं घर, भाजी आणि फुलं पिकवायची, बाजारात न्यायची. तिच्या नवऱ्याला मी दाजी म्हणतो. दाजींना पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. पाय थोडा थोडा हलू लागला, पण शब्द काही आला नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट सापडत नाही, तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी. सुमन बोलत राहिली. दाजी आधी तिच्याकडं बघायचे, मग हळूहळू बघायचेही राहिले.

आमच्याकडचे लोक नाशिकला जातात ते देवाच्या कामाला. मी गेलो आणि कांदे बघून आलो. ते कसं झालं, हे न गेलेल्यांसाठी लिहितोय.

मखमलाबाद

एसटीतून उतरलो आणि पहिली गोष्ट लागली ती थंडी. आमच्याकडं थंडी स्वेटर घालून आलेल्या पाहुण्यासारखी चार दिवस राहते आणि जाते. नाशिकची थंडी घरचंच माणूस. भाचा विनायक टेम्पो घेऊन आला होता. वाटेत दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा. घडांवर कागद चढवलेले, जणू शाळेची पुस्तकं.

"मामा, अशी द्राक्षं तुमच्याकडं हायेत का?" तो डिवचत म्हणाला.

मी तासगावचा. या बाबतीत मला कुणी विचारू नये. "बाळा," मी म्हणालो, "तुमची द्राक्षं विमानात बसून परदेशी जातात. आमची उन्हात पडून बेदाणा होतात. शहाणं कोण ते तूच ठरव." पण खरं सांगायचं तर त्या बागांचा हिरवा रंग बघून माझी मान गाडीच्या खिडकीबाहेरच होती.

सुमनचं घर मळ्यातच. पुढं लांबरुंद ओटा, ओट्याला लागून फ्लॉवरचे वाफे, पलीकडं झेंडू. ओट्यावर खुर्चीत दाजी. एके काळी हा माणूस फ्लॉवरचे क्रेट एका खांद्यावर टाकून बोलत बोलत चालायचा. बाजारात त्यांचा आवाज ऐकून गिऱ्हाईक वळायचं. मी पाया पडलो, गालाला गाल लावला. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत समोर, म्हणजे कुठंच नाही.

सुमन चहा घेऊन आली. "अहो, दादा आलाय बघा. तासगावहून. बेदाणा आणलाय." तिनं हे इतक्या सवयीनं सांगितलं की उत्तराची वाट बघणंही त्यात नव्हतं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "बाकी काही नाही रे दादा. घरात एकटीचाच आवाज ऐकून कंटाळा येतो."

दुसऱ्या दिवशी विनायकनं मिसळ खायला नेलं. आमच्याकडची मिसळ तिखट असते आणि तसं तोंडावर सांगते. इथली काळ्या मसाल्याची. आधी गोड बोलते, दही, पापड, पाव सगळं पुढं करते आणि अर्ध्या वाटेत कानातून धूर काढते. मला आवडली. दाजींसाठी बांधून आणली, तर त्यांनी दोन घास खाल्ले आणि तोंड फिरवलं.

संग्रहालय

बाहेर न्यावं, माणसं दिसावीत, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सुमन म्हणाली, "देवळात नेलं तर लोक विचारून विचारून हैराण करतात. ह्यांना ते आवडत नाही." विनायक म्हणाला, शहराच्या जुन्या भागात एक लहानसं संग्रहालय आहे, गर्दी नसते, चाकाची खुर्ची फिरते. मी लगेच तयार झालो. नवीन डोळे घेऊन कुठं जायचं तर संग्रहालयातच जायचं.

खुर्ची फिरते हे खरं, पण ती आत जाईपर्यंत घाम निघाला. दगडी उंबरा चांगला वीतभर. मी पुढून, विनायक मागून, आणि दाजी मधे राजासारखे वाकडे झालेले. आतून शाल पांघरलेल्या पहारेकरीण बाई धावत आल्या. "थांबा, थांबा, उलटी फिरवा खुर्ची. माझ्या सासूला असंच न्यायचो आम्ही." त्यांनी खुर्ची उलटी फिरवून मागच्या मोठ्या चाकांवर अलगद चढवली. बाई पेठ तालुक्यातल्या. सगळ्या वस्तूंवर त्यांची नजर अशी, की जणू घरातलीच भांडी आहेत आणि पाहुण्यांची पोरं आली आहेत.

पहिल्या दालनात तलवारी, नाणी, दगडी मूर्ती. दुसऱ्यात भांडी: पायली, शेर, पितळी समया, माशाच्या आकाराची पानपेटी. मी प्रत्येक काचेपुढं थांबत होतो. पितळ पिवळं असतं असं मला आजवर वाटायचं. जवळून बघा, त्यात खिडकीचं निळं असतं, शेजारच्या तांब्याचं लाल असतं, पहारेकरीणबाईंच्या शालीची किनार असते. पिवळं फार थोडं. मी विनायकला हे सांगत होतो आणि तो मोबाइल बघत "हो मामा" म्हणत होता. दाजी खुर्चीत मान खाली घालून होते.

मग एका बोळवजा जागेत, दोन खिडक्यांच्या मधे, ते चित्र लागलं.

लहानसंच. तैलरंगातलं. पांढऱ्या कापडावर तीन कांदे, एक वांगं, एक तांब्या आणि सुरी. खाली पट्टीवर लिहिलेलं: चित्रकार अज्ञात. बस एवढंच. ना देव, ना राजा, ना लढाई. मी पुढं झालो, आणखी पुढं झालो.

आता मी आयुष्यभर अक्षरांना सावल्या दिलेला माणूस. 'श्री गणेश किराणा' लिहायचं, मग प्रत्येक अक्षराला उजवीकडून खाली काळी सावली, म्हणजे अक्षर भिंतीतून उठून येतं. सावली काळी. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं, मी माझ्या पोरांना शिकवलं. आणि इथं त्या कांद्यांची सावली पांढऱ्या कापडावर पडलेली आणि ती निळी! निळी, कडेला जांभळी, आणि कांद्याच्या अगदी बुडाशी लालसर, कारण कांद्याचा रंग तिच्यात उतरलेला. काळा रंग त्या चित्रात औषधालाही नव्हता.

"बाबा, मागं सरका," पहारेकरीणबाई म्हणाल्या. "नाक लागंल चित्राला."

"ताई, इकडं या. ही सावली बघा. कुठल्या रंगाची आहे?"

त्यांनी वाकून बघितलं. "निळी दिसती."

"निळीच आहे! काळी नाहीच!" माझा आवाज चढला. "तुमच्या पायापाशी बघा, तुमची पण निळी आहे!"

बाईंनी खरंच पायाकडं बघितलं. विनायक हसायला लागला. आणि तेवढ्यात माझ्या मागून एक आवाज आला. घशात काहीतरी अडकल्यासारखा. मला वाटलं दाजींना पाणी पाहिजे. मी वळलो तर त्यांचा डावा हात वर होता आणि बोट चित्राकडं.

"सड..."

विनायकचं हसणं थांबलं. "अप्पा?"

दाजींनी डोळे मिटले, ओठ वाकडे केले, परत जोर लावला. "सड... लाय."

विनायक खुर्चीपुढं गुडघ्यावर बसला. "अप्पा, काय म्हणालात? काय सडलंय?"

दाजींच्या कपाळावर आठी आली. एकच गोष्ट परत सांगायला लागली की बाजारात त्यांच्या कपाळावर यायची तीच. "मधला," ते म्हणाले. "सडलाय."

आम्ही तिघंही चित्राकडं वळलो. मधला कांदा. मी ज्याला सावली समजलो होतो, मानेपाशी, वरच्या फोलपटाच्या आत, तो एक मऊ, काळपट, ओला डाग होता. चित्रकारानं कांदा जसा होता तसा काढला होता. तो सडायला लागला होता. मी रंग बघत होतो आणि दाजी कांदा बघत होते.

"अगं बाई, खरंच की," पहारेकरीणबाई म्हणाल्या.

विनायकनं तिथंच आईला फोन लावला. फोन कानापासून लांब धरला तरी सुमनचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"आई, अप्पा बोलले!"

"काय? काय बोलले?"

"सडलाय म्हणाले!"

"काय सडलं? फ्लॉवर सडला? कुठल्या वाफ्यातला?"

तिला समजावून सांगता सांगता विनायक रडायला लागला आणि फोन पहारेकरीणबाईंनी घेतला. ओळख ना पाळख, दोघी किती वेळ बोलल्या देव जाणे. मी तोवर खिशातून पेन्सिल काढून संग्रहालयाच्या माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला ते कांदे उतरवून घेत होतो. 

मेन रोड

घरी आल्यावर सुमननं दाजींसमोर बसून विचारलं, "बोला ना. मला पण काहीतरी बोला." ते गप्प. तिनं कांदा आणून हातात दिला. ते गप्प. रात्रीच्या जेवणापर्यंत ती आशेनं बघत होती, सकाळी बघायची थांबली. विनायक म्हणाला, डॉक्टरांनी सांगितलंच होतं, येईल, जाईल, परत येईल. पण घर आदल्या दिवसापेक्षा जास्त गप्प वाटायला लागलं.

माझ्या डोक्यात मात्र एक चक्र फिरत होतं. दाजी कांदा हातात दिल्यावर बोलले नाहीत. कांद्याचं चित्र बघून बोलले. का, ते मला माहीत नाही. पण बाजारातला माणूस चूक दिसली की बोलतो. मग त्यांच्यापुढं चित्र काढायचं. चुका काय, माझ्याकडून रग्गड होतील!

मेन रोडला रंगांचं दुकान शोधलं. आयुष्यभर मी डब्यातले ऑइलपेंट वापरले, टूथपेस्टसारख्या ट्यूबमधून रंग घ्यायची ही पहिलीच वेळ. दुकानदारानं विचारलं, "कुठला देऊ?"

"निळे दाखवा," मी म्हणालो.

त्यानं काउंटरवर सहा-सात निळे ओळीनं मांडले. प्रत्येकाचं नाव वेगळं. मला लग्नासाठी पोरगी पसंत करायला सांगितल्यासारखं झालं. "काळा?" त्यानं विचारलं. "काळा नको," मी इतक्या जोरात सांगितलं की तो दचकला. कॅनव्हास त्यानं पुढं केला, पण तो बोटाखाली दबतो, माझ्या हाताला ते चालेना. विनायकनं शेडमधून पत्र्याचा एक तुकडा शोधून काढला. त्याला घासून पांढरा प्रायमर मारला. पत्रा म्हणजे माझं गावच.

सटाणा आणि नामपूर

आता कांदे पाहिजेत. मळ्यात कांदा नव्हता. विनायकची बायको माहेरी सटाण्याला होती, तो तिला भेटायला निघाला, म्हणाला, "चला मामा, पुढं नामपूरला कांद्याचा बाजार दाखवतो. नाशिकला आलात आणि कांदा बघितला नाही म्हणजे काय."

सकाळच्या उन्हात चांदवडकडची डोंगररांग उघडली आणि मी विनायकला गाडी बाजूला घ्यायला लावली. आमच्याकडचे डोंगर गोल, बसलेल्या बैलासारखे. इथले सुळके. एक काटकोनात कापलेला, एकाला मधेच खाच पडलेली. "तो धोडप," विनायक म्हणाला. आणि सगळे निळे! जवळचा गडद, त्यामागचा फिका, त्यामागचा इतका फिका की आकाश कुठं सुरू होतं कळेना. दुकानदाराचे सहा निळे इथं ओळीनं उभे होते. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत गेले.

सटाण्याला विनायकच्या सासूबाईंनी जावयासाठी खापरावरचे मांडे केले होते. मातीचं खापर चुलीवर पालथं घातलेलं, आणि पुरण भरलेली पोळी हातावर फिरवत फिरवत त्या एवढी मोठी करत होत्या की कोपरापर्यंत आली. मग ती अलगद खापरावर. आमच्याकडं पुरणपोळी लाटण्यानं लाटतात आणि ताटात मावते. मी एकच खाल्ला आणि दुसऱ्याला नाही म्हणालो, तर त्या रुसल्या. दुसरा खाल्ला आणि मीच रुसलो, पोटावर.

नामपूरच्या बाजारात ट्रॅक्टरच्या रांगा आणि कांद्याचे ढीग. लाल म्हणतात त्याला, पण लाल कुठला? जांभळा, गुलाबी, शेंदरी, फोलपट सुटलेलं तिथं तांब्यासारखा. एका ढिगापुढं मी उकिडवा बसलो आणि एकेक कांदा फिरवून बघायला लागलो. ढिगाची मालकीण, डोक्यावर पदर घट्ट ओढलेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिकडच्या अहिराणीत म्हणाली,

"काय देखी राहिना भाऊ इतला? कांदाच शे तो."

विनायकनं तिला सांगितलं, मामा पेंटर आहेत, त्यांना कांद्याचं चित्र काढायचंय. तिनं मला वरून खाली बघितलं, मग माझ्या हातातला कांदा काढून घेतला. "मंग तो नको. हाऊ ले. हाऊ देखणा शे." आणि तिनं ढिगात हात घालून असा एक कांदा काढला की काय सांगू. नवरीच्या गालासारखा. मग तिला चेवच आला. एक उभट, एक पात सुकलेली मान असलेला.

"आणि एक सडका पाहिजे," मी म्हणालो.

"काय?"

"सडका. थोडा सडलेला."

"सडेल जोयजे?" तिनं शेजारच्या ढिगाकडं बघून हाळी दिली. "आते याले काय सांगू! सडेल कांदा मांगी राहिना!" आजूबाजूचे सगळे हसले. कांद्याच्या बाजारात सडका कांदा मागून घेणारा त्यांनी पहिल्यांदाच बघितला असणार. पण तिनं शोधून दिला. वरून धड, मानेत मऊ. तो वेगळ्या कागदात बांधून दिला, लांब धरून.

ओट्यावर

घरी आलो तेव्हा दाजी ओट्यावरच होते. मी त्यांच्यापुढं पाट ठेवला, पाटावर पांढरा पंचा अंथरला आणि चारही कांदे मांडले. ऊन तिरपं येत होतं आणि पंच्यावर चार निळ्या सावल्या पडल्या होत्या. सुमन दारात उभी.

दाजींनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डावा हात पुढं आला, सडका कांदा उचलला, अंगठ्यानं मानेत दाबला, आणि त्यांनी तो ओट्यावरून थेट वाफ्यापलीकडं भिरकावला.

"अहो!" सुमन ओरडली.

दाजींनी राहिलेले तीन कांदे जवळ जवळ ओढले. त्यातला देखणा पुढं ठेवला. आणि माझ्याकडं बघितलं. बघितलं म्हणजे माझ्याकडंच. कुठंच नाही असं नाही.

दुसऱ्या सकाळपासून मी बसलो. सुमन पहाटे बाजाराला जायची, विनायक मळ्यात, आणि आम्ही दोघं म्हातारे ओट्यावर. कांद्यांच्या शेजारी एक फ्लॉवरचा गड्डा, दोन काटेरी वांगी, मेथीची जुडी आणि पाणी प्यायचा पितळी तांब्या. मांडणी दाजींची. मी वांगं उजवीकडं ठेवलं की ते डावीकडं सरकवायचे. बाजारात भाजी मांडतात तशी, चांगली बाजू गिऱ्हाइकाकडं. माझं काम रंगवायचं. पहिल्या दिवशी तांब्या भोपळ्यासारखा आला. दाजींनी नाकातून आवाज काढला. तो शब्द नव्हता, पण अर्थ कळला. पुसला आणि परत काढला.

आणि रंगवता रंगवता मी असा रमलो की किती वर्षांत रमलो नव्हतो. अक्षर एकदा काढलं की संपतं. ह्या वांग्याकडं जितकं बघावं तितकं ते वाढतच होतं. काळं म्हणून काढायला बसावं तर त्यात जांभळं, जांभळ्यात आभाळ, आणि देठापाशी अशी एक हिरवट चमक की ती पकडायला मी दुपार घालवली. ब्रशची मागची बाजू दातात धरून मी स्वतःशीच गाणं म्हणत होतो, असं विनायक सांगतो.

एकदा मी चहा गरम करायला आत गेलो होतो. गॅस पेटवला आणि बाहेरून आरडाओरडा.

"शेळी! ए! शेळी! शेळी!"

भांडं तसंच टाकून पळालो. शेजाऱ्यांची शेळी ओट्यावर पुढचे पाय टेकून माझ्या चित्रातली मेथी खात होती. अर्धी जुडी तिच्या तोंडात होती, आणि दाजी खुर्चीत अर्धे उठलेले, डाव्या हातात माझा मोठा ब्रश, आणि तिला मारायच्या पवित्र्यात. शेळीच्या कपाळावर निळा पट्टा उमटलेला! ती पळाली तशी मेथी पण गेली. मी हसत हसत खाली बसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी ब्रश माझ्या हातात परत दिला आणि चित्रातल्या मेथीकडं बोट दाखवलं. ती काढून झाली होती का, हे बघायला. झाली होती, देवाच्या कृपेनं.

संध्याकाळी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "शेळीशी बोलतात, कांद्याशी बोलतात." आणि चुलीपुढची राख उगाच सारखी करत बसली. मला वाईट वाटलं. इतके महिने जी बोलत राहिली, तिच्या वाट्याला अजून एक अक्षर आलं नव्हतं.

माझा निघायचा दिवस उद्यावर आला. चित्रात सगळं झालं होतं, फ्लॉवर तेवढा राहिला होता. फ्लॉवर सोपा नसतो. पांढऱ्यावर पांढरा, आणि गड्डा तर रोज थोडा थोडा पिवळा पडत चाललेला. मी त्याच्या सावल्या मिसळत होतो तेवढ्यात सुमन विळी बाजूला ठेवून बाहेर आली. तिला माझ्यासाठी फ्लॉवरचा रस्सा करायचा होता. लहानपणापासून मला आवडतो. मळ्यातला सगळा माल सकाळीच बाजारात गेला होता. तिनं सरळ पाटावरचा गड्डा उचलला.

"ठेव," दाजी म्हणाले.

सुमन थांबली. गड्डा हातात. "काय म्हणालात?"

"ठेव. तो."

मी ब्रश खाली केला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. आणि मला वाटलं ती आता रडेल, किंवा त्यांच्या पायाशी बसेल. पण सुमन ती सुमनच. तिचा पारा चढला.

"काय ठेव? दादा उद्या चाललाय. त्याला काय नुसती भाकरी घालू? दोन दिवसांनी हा जनावरांपुढंच टाकायचाय!"

"ठेव म्हणतो..." दाजींचा चेहरा लाल झाला, ओठ वाकडे झाले, शब्द आला. "...ना!"

"म्हणतो ना! इतके दिवस काही म्हणाले नाहीत आणि आता म्हणतो ना! घर मी चालवते, बाजार मी करते, आणि एका फ्लॉवरला मला हात लावायची चोरी!"

"तुला," दाजी म्हणाले, "कळत... नाय."

"मला? मला कळत नाही? आणि तुम्हाला कळतं चित्रातलं?"

"कळतं!"

ती गड्डा घेऊन तरातरा आत गेली. मी मागोमाग गेलो. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी, गड्डा पोटाशी धरलेला, आणि खांदे हलत होते. मी जवळ गेलो. ती रडत होती का हसत होती, मला ठरवता येईना. दोन्ही असावं.

"दादा," ती म्हणाली, "भांडले रे माझ्याशी."

"भांडले खरं."

"मला कळत नाही म्हणाले." तिनं पदरानं डोळे पुसले आणि परत हसली. "आधी रोज म्हणायचे. रोज! आणि मला राग यायचा."

बाहेरून खुर्चीचा पाय जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग परत. दाजी वाट बघत होते आणि त्यांना उत्तर पाहिजे होतं. सुमननं नाक ओढलं, विळी पुढं घेतली आणि गड्डा मधोमध कापला. एक अर्धा पातेल्यात टाकला. दुसरा हातात घेऊन ती बाहेर गेली आणि पाटावर ठेवला, कापलेली बाजू भिंतीकडं, गोल बाजू आमच्याकडं.

"घ्या तुमचा फ्लॉवर," ती म्हणाली. "पुढून बघितला तर अख्खाच आहे."

दाजींनी मान वाकडी करून बघितलं. डाव्या हातानं गड्डा थोडा फिरवला, परत बघितलं. मग तिच्याकडं बघितलं, चांगलं बराच वेळ.

"चालंल," ते म्हणाले.

आतून रश्श्याची फोडणी तडतडली, आणि मी पांढऱ्यात निळा मिसळायला घेतला.